पहिल्या पिढीचा विद्यार्थी म्हणायचं कुणाला?

दर वर्षी १ ऑगस्टला अमेरिकेत 'कॉमन ॲप' हा सामाईक प्रवेश अर्ज नव्या वर्षासाठी खुला होतो आणि बारावीत पोचलेल्या मुलांच्या घरी धांदल सुरू होते. हजाराहून अधिक कॉलेजं हा एकच अर्ज स्वीकारतात. त्यात कुटुंबाविषयीचा एक भाग असतो. आई किती शिकली, वडील किती शिकले, कोणत्या संस्थेत शिकले, पदवी कोणती आणि कोणत्या वर्षी मिळाली, अशी विचारणा तिथे होते. या उत्तरांवरून विद्यार्थी 'फर्स्ट-जेन' आहे की नाही, म्हणजे घरातून कॉलेजात पोचणाऱ्या पहिल्या पिढीचा आहे की नाही, हे ठरतं. निवड करताना बरीच कॉलेजं ही गोष्ट जमेस धरतात. पण पहिल्या पिढीचा म्हणजे नेमका कोण, याचं उत्तर संस्थेगणिक बदलतं.

न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या मराठी घरांतही हा प्रश्न निघतो. "आम्ही शिकलो ते भारतात. अमेरिकेतल्या कॉलेजात जाणारी आमची मुलगी घरातली पहिलीच. मग ती फर्स्ट-जेन का नाही?" प्रश्न सरळ आहे, पण त्याच्या पोटात बरंच काही दडलेलं आहे. त्याच्या दोन्ही बाजू नीट समोर याव्यात म्हणून इथे त्या दोन माणसांच्या तोंडी घातल्या आहेत. मामा सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून इंजिनियर झालेले आणि नव्वदच्या दशकात न्यू जर्सीत स्थायिक झालेले. भाची पुण्यात वाढलेली, अमेरिकेत शिक्षणशास्त्र शिकून एका सरकारी विद्यापीठाच्या प्रवेश विभागात अर्ज वाचण्याचं काम करणारी.

मामा : परवा मित्रमंडळीत हाच विषय निघाला. एकजण म्हणाला, "मी एम.टेक. केलं ते भारतात. इथल्या कॉलेजांचं मला काय कळतं? माझा मुलगा फर्स्ट-जेनच धरायला हवा." मला हे अजिबात पटलं नाही. व्याख्या एकच असावी आणि सरळ असावी. आईवडिलांपैकी कुणाकडेही, जगातल्या कुठल्याही विद्यापीठाची बॅचलर पदवी नसेल, तर मूल पहिल्या पिढीचं. एकाकडे जरी असली, तरी नाही. याला फाटे फोडायची गरज नाही.

भाची : तुम्ही म्हणता ती व्याख्या इथल्या कायद्यातच आहे, मामा. ८ नोव्हेंबर १९६५ ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या सॅन मार्कोसला, ते स्वतः शिकले त्या कॉलेजात जाऊन, उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. वंचित मुलांना कॉलेजपर्यंत पोचवणारे आणि तिथे टिकवून धरणारे 'ट्रायो' कार्यक्रम पुढे त्या कायद्याखाली चालू लागले. १९८० च्या दुरुस्तीत त्यात 'पहिल्या पिढीचा विद्यार्थी' हा निकष आला. दोन्ही पालकांनी बॅचलर पदवी पूर्ण केलेली नाही, असा विद्यार्थी. आणि मूल एकाच पालकाजवळ राहत असेल, त्याच्याच आधारावर वाढलं असेल, तर फक्त त्या पालकाचं शिक्षण बघायचं.

मामा : मग झालं तर! कायद्यानं रेष आखून दिली आहे. कॉलेजांनी तीच पाळावी.

भाची : ती रेष ट्रायोपुरती आहे. सरकारी खर्चानं शिकवणी आणि मार्गदर्शन कुणाला द्यायचं, हे ठरवण्यासाठी ती आखली. प्रवेश देताना ती वापरायचं बंधन कुठल्याही कॉलेजवर नाही. खुद्द सरकारसुद्धा ती सगळीकडे वापरत नाही. केंद्रीय शिक्षण खात्याच्या आकडेवारी विभागानं २०१८ साली या विद्यार्थ्यांवर अहवाल काढला. त्यात ज्यांच्या आईवडिलांनी शाळेनंतर कुठल्याच कॉलेजात पाऊल ठेवलं नाही, तेवढीच मुलं पहिल्या पिढीची धरली. आर्थिक मदतीसाठी भरायचा जो 'फाफ्सा' फॉर्म असतो, त्यात आणखी तिसराच प्रकार. आईवडील कॉलेजात गेलेच नाहीत, गेले पण पूर्ण केलं नाही, किंवा पूर्ण केलं, यांतला एक पर्याय निवडायचा. सरकार एकच, मोजमापं तीन.

मामा : असेल थोडा फरक. पण त्यानं असं कितीसं बिघडतं?

भाची : आकडेच सांगते. २०१५-१६ साली अमेरिकेत पदवीचं शिक्षण घेणाऱ्या शंभरांपैकी छप्पन्न विद्यार्थ्यांच्या घरी कुणाही पालकाकडे बॅचलर पदवी नव्हती. ज्यांचे पालक कॉलेजातच गेले नव्हते, असे मात्र चोवीस. म्हणजे शंभरातली बत्तीस मुलं एका व्याख्येत बसतात आणि दुसरीत गळतात. कुणाची आई दोन सेमिस्टर कम्युनिटी कॉलेजात गेली आणि पैसे संपले म्हणून सोडून आली. कुणाच्या वडिलांनी दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेतली. ही मुलं कुठल्या बाजूची, हे त्यांनी कोणता फॉर्म भरला यावर ठरतं.

मामा : बत्तीस म्हणजे जवळपास एक तृतीयांश!

भाची : जॉर्जिया विद्यापीठातले रॉबर्ट टुटकुशियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासून पाहिलं. २००२ साली दहावीत असलेल्या मुलांच्या राष्ट्रीय पाहणीतली सात हजारांवर मुलं घेतली आणि त्याच मुलांना आठ वेगवेगळ्या व्याख्या लावल्या. एका व्याख्येनं २२ टक्के मुलं पहिल्या पिढीची ठरली, दुसरीनं ७७ टक्के. मुलं तीच, त्यांची घरं तीच. त्यामुळे एखादं कॉलेज मोठ्या अभिमानानं "आमच्याकडे इतके टक्के फर्स्ट-जेन" असं छापतं, तेव्हा कोणत्या व्याख्येनं, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला काहीच अर्थ नसतो.

मामा : हे तर माझ्याच म्हणण्याला बळ देतं. आठ व्याख्या आहेत म्हणूनच हा घोळ आहे. एक ठरवा आणि बाकीच्या सोडून द्या.

भाची : ठरवूया. पण रेष आखण्याआधी ती कशासाठी आखतोय, ते बघायला हवं. कॉलेजला कोणता फरक मोजायचा आहे? फरक आहे, यात शंका नाही. त्याच २००२ च्या मुलांपैकी जी पुढे कॉलेजात गेली, त्यांचं दहा वर्षांनी काय झालं ते आकडेवारी विभागाच्याच आणखी एका अहवालात आहे. ज्यांच्या घरी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं, त्यांतल्या २० टक्क्यांच्या हाती बॅचलर पदवी आली. ज्यांच्या घरी निदान एक पालक कॉलेजात जाऊन आलेला होता, त्यांच्यात हेच प्रमाण ४२ टक्के. दुप्पट.

मामा : याचं कारण मला अहवालात शोधावं लागत नाही. माझ्या वडिलांना सही करता यायची, फॉर्म वाचता यायचा नाही. मी कॉलेजात गेलो तेव्हा ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठीची, सवलत असते, हे मला प्रवेश झाल्यावर वर्गातल्या एका मुलानं सांगितलं. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाईड, यांतलं काय आधी आणि काय नंतर, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. कारकुनानं "उद्या या" म्हटलं की मी मुकाट्यानं गावी परत जायचो. ज्याचे वडील शिक्षक होते, तो तिथेच उभा राहून "आज का नाही?" असं विचारायचा. हुशारीत आम्ही सारखेच होतो. विचारायचं धाडस त्याला घरातून मिळालं होतं.

भाची : इथेही तसंच असतं, मामा. प्राध्यापकाच्या दारावर 'ऑफिस अवर्स' अशी पाटी असते. ती वेळ विद्यार्थ्यांनी येऊन शंका विचाराव्यात म्हणून राखून ठेवलेली असते. पहिल्या पिढीच्या कितीतरी मुलांना वाटतं, ही सरांची काम करायची वेळ आहे, आत्ता त्रास द्यायचा नाही. ती मुलं दारावरून परत फिरतात. नापास होण्याची वेळ आली तरी आत जात नाहीत. विषय सोडायची मुदत कधी संपते, आर्थिक मदत कमी मिळाली तर पुन्हा अर्ज करता येतो, वसतिगृहाची अनामत माफ करून घेता येते, हे कुठल्याही पुस्तकात शिकवत नाहीत. जेवणाच्या टेबलावर आईवडील बोलता बोलता सांगतात. आता मला सांगा, ज्याचे वडील भारतात बी.ई. झाले, त्याला ऑफिस अवर्सबद्दल कोण सांगणार?

मामा : मला कळलं तुझा रोख. भारतात शिकलेल्या पालकांनाही इथलं काही ठाऊक नसतं, म्हणून त्यांची मुलंही पहिल्या पिढीची, असंच ना?

भाची : निदान त्यांचा विचार व्हावा.

मामा : नाही. इथेच माझा विरोध आहे. इथल्या पद्धती मला माहीत नव्हत्या, हे खरं. पण मुलगी नववीत गेली तेव्हा मी शाळेच्या काउन्सेलरला ईमेल लिहिला, ऑफिसातल्या सहकाऱ्यांना विचारलं, कॉलेजांच्या माहितीपत्रकांची पानंच्या पानं वाचून काढली. हे मला कुणी शिकवलं? माझ्या पदवीनं. पद्धत माहीत नसली तर माणूस ती शिकून घेतो, पण शिकून घेता येतं हा विश्वास घरात असावा लागतो. माझ्या वडिलांना माझं प्रगतिपुस्तक वाचता येत नव्हतं. मी माझ्या मुलीचं वाचलं, गणितात मागे पडली तेव्हा रात्री तिच्याजवळ बसलो. तिला आणि मला एकाच रकान्यात बसवलं, तर माझ्या वडिलांचं अडाणीपण आणि माझं परकेपण एकच ठरतं. ते एक नाही.

भाची : तुमच्या बाबतीत शंभर टक्के मान्य. पण सगळे परदेशी पदवीधर तुमच्यासारखे नसतात. माझ्याकडे असे अर्ज येतात की आई तिच्या देशात शिक्षिका होती, युद्धातून जीव वाचवून आली, इथे हॉटेलच्या खोल्या साफ करते. तिची पदवी इथे कुणी मानली नाही, इंग्रजी जेमतेम, दोन पाळ्यांत काम. ती शाळेच्या काउन्सेलरला ईमेल कधी लिहिणार? कागदावर ते मूल पदवीधराचं आहे. बघायला गेलं तर त्याला कुणाचाच आधार नाही.

मामा : त्या मुलाची अडचण खरी आहे आणि कॉलेजनं ती बघितलीच पाहिजे. पण ती गरिबीची, विस्थापनाची अडचण आहे. कौटुंबिक उत्पन्नाची माहिती वेगळी मिळते, निबंध आहे, जादा माहिती लिहायला जागा आहे, काउन्सेलरचं पत्र आहे. तिथे लिहावं. प्रत्येक दुःख या एकाच रकान्यात कोंबलं तर रकान्याला काही अर्थ उरणार नाही. याच्या उलटही बघ. एखादा मोठा ठेकेदार आहे, पदवी नाही, पण चार घरं आहेत. त्याची मुलगी माझ्या व्याख्येनं पहिल्या पिढीची ठरते, आणि ठरू दे. तिच्याकडे पैसा आहे, पण कॉलेज म्हणजे काय हे घरात कुणी सांगणारं नाही. पैशाचं माप वेगळं, शिक्षणाचं वेगळं. दोन्ही घ्या, पण वेगवेगळी घ्या.

भाची : हे मात्र तुम्ही नेमकं बोललात. कॉलेजं 'फर्स्ट-जेन आणि कमी उत्पन्न' असं एका दमात म्हणतात आणि दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पण तुमची रेषसुद्धा वाटते तितकी सरळ नाही. माझ्यासमोर नेहमी येणारा मराठी प्रश्न सांगते. आई सोलापूरची बी.कॉम., तीन वर्षांचा अभ्यासक्रम. कॅलिफोर्निया विद्यापीठासारख्या कितीतरी संस्था म्हणतात, पालकांपैकी कुणाकडेही 'चार वर्षांची पदवी' नसेल तर विद्यार्थी पहिल्या पिढीचा. मुलगी प्रामाणिकपणे विचारते, आईची पदवी तीनच वर्षांची, मग मी कोण?

मामा : यात काय संभ्रम आहे? इथे 'फोर-इयर डिग्री' म्हणजे बॅचलर पदवी. वर्षं मोजत बसायचं नसतं. बी.कॉम. ही बॅचलर पदवी आहे, तेव्हा ती मुलगी पहिल्या पिढीची नाही.

भाची : तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. सतरा वर्षांच्या मुलीला ते कुठे सांगितलेलं असतं? आणि वडील पॉलिटेक्निकचे डिप्लोमाधारक, आई बारावी, असं घर असेल तर? पुण्याच्या कारखान्यात वीस वर्षं काम केलेला माणूस कंपनीतर्फे मिशिगनला येतो, पगार चांगला, हुद्दा इंजिनियरचा.

मामा : डिप्लोमा म्हणजे पदवी नव्हे. तो मुलगा पहिल्या पिढीचा. त्यानं बिनदिक्कत तसं लिहावं. लोक काय म्हणतील म्हणून वडिलांच्या नावापुढे पदवी लिहून मोकळं होऊ नये. आपल्याकडे ती सवय आहे.

भाची : आणखी एक. आईवडील विभक्त झाले, वडील डॉक्टर, पण दहा वर्षांत त्यांनी मुलाचं तोंड पाहिलेलं नाही. आई दहावी पास.

मामा : त्याचं उत्तर कायद्यानंच दिलं आहे, तूच आत्ता सांगितलंस. जो पालक सांभाळतो त्याचंच शिक्षण बघायचं.

भाची : कायद्यानं दिलं, पण प्रवेश अर्जात दोन्ही पालकांची माहिती भरायची असते. मुलानं सचोटीनं वडिलांची एम.डी. लिहिली, आणि कॉलेजच्या संगणकानं त्यावरून 'फर्स्ट-जेन नाही' असा शिक्का मारला, तर पुढे अर्ज वाचणाऱ्याला तो शिक्का आधी दिसतो. मी शोधून काढते, पण एका अर्जाला मिळणारा वेळ मिनिटांत मोजावा लागतो. अर्जात मुलांनी तपशील भरलेला असतो. आई आठवी शिकली की कम्युनिटी कॉलेज अर्धवट सोडलं, वडिलांची पदवी कुठली, कोणत्या सालची, सगळं तिथे असतं. कॉलेज मात्र त्या सगळ्याचं एका 'होय' किंवा 'नाही'मध्ये रूपांतर करतं. माझं भांडण त्याच्याशी आहे.

मामा : अगं, पण मोठ्या प्रमाणावर काम करायचं तर होय-नाही लागतंच. तमिळनाडूचं उदाहरण घे. २०१० पासून तिथलं सरकार घरातल्या पहिल्या पदवीधराला व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्काची सवलत देतं. जात बघत नाही, उत्पन्न बघत नाही. तहसील कचेरीतून दाखला आणायचा, तो मिळाला की सवलत. स्पष्ट नियम, कागदाचा पुरावा. इथे तर नुसत्या शब्दावर कारभार.

भाची : पण तिथली व्याख्या बघा. आजी-आजोबांपैकी कुणी पदवीधर चालत नाही, भाऊ-बहीणही नाही, आणि सवलत घरातल्या एकालाच. इथे हाच नियम लावू का? थोरली बहीण कॉलेजात गेली म्हणून धाकट्याला पहिल्या पिढीचा मानायचं नाही?

मामा : नाही, ते इथे बरोबर होणार नाही. आईवडील तर तेच आहेत. बहीण स्वतःच अजून चाचपडत असते.

भाची : मग तमिळनाडूत ते बरोबर का वाटतं?

मामा : कारण तिथे प्रश्न सरकारी तिजोरीतल्या पैशाचा आहे. प्रत्येक घरात निदान एक पदवीधर तयार व्हावा, हा हेतू. हेतू पूर्ण झाला की सवलत थांबते.

भाची : म्हणजे हेतू बदलला की व्याख्या बदलते. इतका वेळ मी हेच सांगायला बघतेय.

मामा : ते खरं. पण हेतूच्या नावाखाली वाट्टेल तशी सैल व्याख्या करायला मी तयार नाही. आणि आता तर मुळीच नाही. २९ जून २०२३ ला इथल्या सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्डच्या खटल्यात वंशाचा विचार करून प्रवेश देणं बंद केलं. तेव्हापासून या एका निकषाकडे सगळ्यांचे डोळे लागलेत. शिकलेल्या, चांगल्या कमाईच्या घरांतूनही "आम्हाला यात बसता येईल का?" अशी चौकशी होते. जितकी सैल व्याख्या, तितका फायदा तिच्या फटी शोधू शकणाऱ्यांचा. आणि फटी कुणाला सापडतात? शिकलेल्यांनाच. माझ्या वडिलांसारख्याला त्या कधीच दिसणार नाहीत.

भाची : हा मुद्दा मला मान्य करायलाच हवा. व्याख्या सैल केली की शेवटी ज्याच्यासाठी केली त्याच्याच वाट्याचं दुसरा कुणी घेऊन जातो. प्रवेशाच्या जागा मोजक्या असतात. एकाला आत घेतलं की दुसरा बाहेर राहतो. तिथे रेष कडक हवी, एकच हवी आणि तिचा पुरावा मागता यायला हवा. पण प्रवेश मिळाल्यानंतरची गोष्ट वेगळी आहे. ब्राऊन विद्यापीठात पहिल्या पिढीच्या आणि कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांसाठी एक केंद्र आहे. अशा मोठ्या संस्थेत कसं वावरायचं याची घरातून काहीच ओळख नसलेला कुणीही विद्यार्थी तिथे स्वतःला पहिल्या पिढीचा म्हणवून घेऊ शकतो. दाखला मागत नाहीत.

मामा : आणि मग माझी मुलगीसुद्धा तिथे जाऊन बसेल.

भाची : बसली तर कुणाचं काय गेलं? ऑफिस अवर्स म्हणजे काय हे वीस मुलांना समजावायचं, ते एकविसाव्याला समजलं तर कुणाची जागा जात नाही. आणि हॉटेलच्या खोल्या साफ करणाऱ्या त्या शिक्षिकेचा मुलगा तिथे आला, तर त्याला "तुझी आई पदवीधर आहे, तू निघ" असं कुणी म्हणणार नाही. म्हणून माझं म्हणणं असं आहे : प्रवेशासाठी व्याख्या अरुंद ठेवा, मदतीसाठी रुंद ठेवा. आज बरीच कॉलेजं नेमकं उलटं करतात. प्रवेशाच्या आकड्यांत गर्वानं मिरवायला रुंद व्याख्या घेतात, आणि आत आलेल्या मुलाला शिष्यवृत्ती किंवा मार्गदर्शक द्यायची वेळ आली की अरुंद व्याख्या पुढे करतात.

मामा : हे मला पटतं. प्रवेशापुरती माझी व्याख्या : सांभाळणाऱ्या पालकांपैकी कुणाकडेही कुठल्याही देशातली बॅचलर पदवी नाही. आणि आत गेल्यावर, ज्याला गरज आहे त्यानं यावं.

भाची : परदेशी पदवीबद्दल मी अजूनही तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. ज्या पदवीवर इथे काम मिळत नाही, ती पदवी मुलाच्या खात्यात पूर्ण जमा धरणं मला अन्यायाचं वाटतं. निदान ती बाब वाचणाऱ्याच्या नजरेस ठळकपणे आणून द्यायला हवी.

मामा : नजरेस जरूर आण. रकान्यात मात्र घालू नकोस. तिथे आपण दोघं वेगळेच राहू.

भाची : राहू. पण एका गोष्टीवर तरी आपलं एकमत व्हावं. कॉलेजं दर वर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाची माहिती प्रसिद्ध करतात. प्रवेश देताना काय बघतो, याची यादी त्यात असते. 'पहिली पिढी' आणि 'माजी विद्यार्थ्यांशी नातं' या दोन्ही ओळी त्या यादीत आहेत. प्रत्येकीपुढे 'अत्यंत महत्त्वाचं', 'महत्त्वाचं', 'विचारात घेतो' किंवा 'विचारात घेत नाही' अशी खूण करायची. ती खूण बहुतेक कॉलेजं करतात. पण 'पहिली पिढी' म्हणजे काय, हे त्या ओळीत कुठेच लिहावं लागत नाही.

मामा : आजोबा, वडील ज्या कॉलेजात शिकले त्याच कॉलेजात नातवाला झुकतं माप देणं, आणि ज्याच्या घरात कुणीच कॉलेज पाहिलं नाही त्याच्यासाठी दार थोडं अधिक उघडणं, या दोन ओळी एकाच यादीत! कॅलिफोर्नियानं २०२४ साली कायदा करून खासगी कॉलेजांतही नातेवाइकीवर प्रवेश देणं थांबवलं, ते योग्यच झालं. बाकी राज्यांनी तेच करावं. आणि जी ओळ ठेवायला हवी, ती तरी धड लिहावी.

भाची : व्याख्या अर्जाच्याच पानावर छापावी. मुलानं वाचावी, आईवडिलांना वाचून दाखवावी आणि मग खरं ते लिहावं. एवढं झालं तरी निम्मा गोंधळ मिटेल.

दोघांचा वाद इथे संपत नाही आणि संपायची गरजही नाही. परदेशी पदवीचं वजन किती धरावं, यावर समंजस माणसांची दोन मतं राहणारच. पण या चर्चेतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. पहिल्या पिढीची व्याख्या कशासाठी करतो आहोत, ते आधी ठरवावं लागतं. जागा वाटायच्या असतील तर व्याख्या अरुंद, एकसारखी आणि पडताळता येणारी हवी, नाहीतर तिचा लाभ शिकलेल्या घरांना होतो. आधार द्यायचा असेल तर ती रुंद हवी, नाहीतर ज्याला खरोखर कुणी नाही तोच बाहेर राहतो. दोन्हींसाठी एकच माप वापरणाऱ्या कॉलेजकडून दोन्हीकडे अन्याय होतो.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. ज्यांच्या घरात पाटी-पेन्सिल नव्हती अशी मुलं तिथे राहून, कष्ट करून शिकली. आज अमेरिकेत चांगल्या पदांवर असलेल्या कितीतरी मराठी माणसांच्या मागे असा एखादा पहिल्या पिढीचा विद्यार्थी उभा आहे : ते स्वतः, त्यांचे वडील किंवा आजोबा. त्यांना मिळालेल्या संधीची किंमत आपण जाणतो. म्हणूनच अमेरिकेतल्या मराठी आईवडिलांना एक विनंती आहे. मुलांच्या अर्जातला हा भाग स्वतः बसून भरा. आपली पदवी बी.कॉम. असो, बी.ए. असो की बी.ई., ती लिहा, संस्थेचं नाव लिहा, साल लिहा. डिप्लोमा असेल तर डिप्लोमाच लिहा, त्यात कमीपणा नाही. आणि पदवी असूनही रकाना कोरा ठेवावा, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ती जागा दुसऱ्या कुणाची तरी आहे, आणि त्या मुलाच्या घरात हा लेख वाचून दाखवणारंही कुणी नसेल.